सतरा नंबरचा बिल्ला

नाक कोणाचं, यावर अकरा वाजले तरी एकमत झालं नव्हतं.

जेवणाच्या टेबलावर एरवी रविवारी सकाळी पेपरच्या पुरवण्या पसरलेल्या असायच्या. आज तिथे धाकट्याचं डोकं ठेवलं होतं. ओल्या मातीचं, छातीपर्यंतचं, खऱ्यापेक्षा दीडपट मोठं. मूर्तिकार नऊला टेम्पोतून घेऊन आला, टेबलावर ठेवलं, वर ओलं फडकं टाकलं आणि म्हणाला, "अर्ध्या अर्ध्या तासाने पाणी मारत राहा, नाहीतर तडा जाईल. दोन वाजता येतो. काय बदल हवेत ते तोवर एकमताने ठरवून ठेवा." एकमताने! बिचारा या घरात पहिल्यांदाच आला होता, त्याला काय बोलणार.

"नाक माझ्या माहेरचं हवं," आई म्हणाल्या. "हे ह्यांचं काढलंय. धाकट्याचं असं मध्येच बसलेलं नव्हतं."

"माझंही बसलेलं नव्हतं," बाबा खुर्चीतून म्हणाले. "तुळई पडली तेव्हा बसलं. ड्युटीवर."

"लग्नाआधी पडली असती तर मी विचार केला असता."

बाबांनी बंबावर एकतीस वर्षं काढली होती आणि आईंबरोबर सत्तेचाळीस. कुठे उत्तर द्यायचं नाही हे त्यांना कळत होतं.

"नाकाचं जाऊ दे गं आई," थोरला म्हणाला. त्याच्या हातात झाडांवर पाणी मारायची बाटली होती आणि दर दहा मिनिटांनी तो भावाच्या तोंडावर फवारा मारत होता. "चौकातून जाणाऱ्याला नाक बिक दिसत नाही. आविर्भाव दिसला पाहिजे, आविर्भाव." थोरल्याचं ड्रायव्हिंग स्कूल त्याच चौकात होतं. पुतळा कुठे उभा राहावा, यावर तीन जागा सुचवल्या गेल्या होत्या आणि त्यातली हीच कशी नेमकी पसंत पडली, हे देवाला आणि थोरल्याला ठाऊक. "माझे विद्यार्थी पहिलं वळण याच्याभोवतीच घेतील."

"म्हणजे पहिली धडकही यालाच," त्याची बायको, थोरली, म्हणाली.

"तू जरा बिस्किटं बघ."

"बघितली. आहेत."

धाकटी खिडकीपाशी उभी होती. तिला अजून कोणी विचारलं नव्हतं. अकरा महिन्यांत तिला एक कळलं होतं, विधवेला लोक खुर्ची आधी देतात आणि मत शेवटी विचारतात. शेवटी आईंनीच मान वळवली. "तू बोल गं. तू रोज बघत होतीस."

धाकटीने फडकं वर केलं. मूर्तिकाराने भुवया उंच केल्या होत्या, हनुवटी पुढे काढली होती आणि हेल्मेटचा पट्टा करकचून आवळला होता. तिच्या नवऱ्याने हेल्मेटचा पट्टा घरात फोटोसाठीसुद्धा आवळला नव्हता. "घाम येतो," म्हणायचा. पण गॅसची नळी दर तीन महिन्यांनी बदलायचा, सिनेमाला गेलं की आधी बाहेर पडायचं दार कुठे आहे ते दाखवायचा, आणि शेजारच्या घरात कोणी उदबत्ती लावली तरी वास कुठून येतोय म्हणून उठायचा. जगाला नियम शिकवायचे आणि आपण मात्र सगळ्यातून "झालं" म्हणून सुटायचं, असा त्याचा खाक्या. नळ दुरुस्त केलात? झालं. दार लावलंत? झालं. स्वयंपाकघरातला तो नळ अजून गळत होता.

"कान," ती म्हणाली. "कान मोठे होते."

"बघा," थोरला म्हणाला, "मुद्द्याचं कोणी बोलतच नाही. बारा वाजता अग्निशमन केंद्राचे प्रमुख येणार. दोन कागद आहेत." त्याने खिशातून प्रत काढली आणि वर्गात वाचतो तशी वाचली. "एक. पुतळ्याला कुटुंबाची पसंती. दोन. चौकशीच्या निष्कर्षाला कुटुंबाची हरकत नाही. दोन्हीवर पत्नीची सही. सही झाली की चार दिवसांत फायबरमध्ये ओतून शुक्रवारी अनावरण. पायथ्याचा दगडसुद्धा कोरून तयार आहे, 'शिस्तीचा आदर्श' म्हणून."

"निष्कर्ष काय आहे?" धाकटीने विचारलं. तिला पाठ होता.

"तोच. मास्तरने बिल्ला हरवला."

केंद्रातला प्रत्येक जवान आगीत शिरण्याआधी आपल्या नंबरचा पितळी बिल्ला दाराशी उभ्या असलेल्या माणसाच्या हातात देई. तो माणूस बिल्ला फळीवरच्या हुकाला अडकवी आणि 'अमुक नंबर, आत' असं मोठ्याने पुकारी. बाहेर येणारा बिल्ला परत घेई, तेव्हा पुन्हा नंबर, 'बाहेर'. फळी रिकामी झाली की सगळे बाहेर. बावीस वर्षं ही फळी एकाच माणसाकडे होती आणि म्हणून सगळं केंद्र त्याला हजेरीमास्तर म्हणायचं. गेल्या वर्षी गाद्यांच्या गोदामाला आग लागली तेव्हा सहा जण आत गेले आणि पाच बाहेर आले. पाचांनी बिल्ले घेतले. फळी रिकामी. मास्तरने "सगळे बाहेर" असं पुकारलं, शोध थांबला, आणि बंबांनी बाहेरूनच पाणी सुरू केलं. सतरा नंबर, म्हणजे धाकटा, कुठे दिसत नाही हे कोणाच्या तरी लक्षात यायला एकोणीस मिनिटं गेली. तो मागच्या खोलीत वॉचमनला शोधत होता. वॉचमन समोरच्या फुटपाथवर उभा राहून मोबाइलवर आगीचं शूटिंग करत होता.

सतरा नंबरचा बिल्ला राखेत सापडला नाही. मास्तरने चौकशीत सांगितलं, त्याने माझ्या हातात दिला होता, माझ्याकडून पडला. तेव्हापासून तो निलंबित होता. निवृत्तीला चार महिने राहिले होते आणि शुक्रवारच्या आत त्याला बडतर्फ करायचं ठरलं होतं, कारण पाहुण्यांसमोर प्रकरण अर्धवट नको.

"माझा चष्मा घेऊन येते," धाकटी म्हणाली. "न वाचता सही करणार नाही मी."

ती चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. तिने काहीही वाचायला चष्मा मागितला तर घरात कोणी आश्चर्य करत नसे.

*

ती स्वयंपाकघरात गेली आणि तिसऱ्या खणाचा आवाज आला, तसे बाबा चहा प्यायचे थांबले. तिचा चष्मा तिच्या डोक्यावर होता.

तो खण त्यांनी स्वतः, धाकटा गेल्यावर चौदा दिवसांनी, उघडला होता. आपला जुना चष्मा शोधत होते. सगळ्यात खाली, काचा पुसायच्या फडक्यांच्या गठ्ठ्याखाली, एक निळी केस होती आणि तिच्यात चष्मा नव्हता, सतरा नंबरचा बिल्ला होता. त्यांचाच नंबर होता तो. एकतीस वर्षं छातीवर वागवलेला. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी केंद्रात हट्ट धरून तो मुलाला मिळवून दिला होता, आणि तेव्हापासून दर रविवारी मुलाच्या शर्टातून काढून, लिंबाची फोड आणि राखेची चिमूट घेऊन, तो स्वतः घासत होते. मुलगा म्हणायचा, "बाबा, आगीत कोण चकाकी बघतो?" ते म्हणायचे, "आग बघते."

आगीच्या आदल्या रविवारीही घासला होता. परत शर्टाच्या खिशात टाकला होता. खुंटीवरच्या शर्टाच्या. सोमवारी मुलगा दारामागचा इस्त्रीचा शर्ट घालून गेला.

हे त्यांना केस हातात घेतल्या घेतल्या कळलं. सुनेला सापडला, आणि म्हाताऱ्याच्या डोक्यावर खापर फुटू नये म्हणून तिने लपवला, असं ते धरून चालले. त्यांनी केस होती तशी परत ठेवली. म्हणजे जवळजवळ होती तशी. बिल्ला काळवंडला होता. पितळाला तसा सोडणं त्यांना जमलं नाही.

ते कप घेऊन उठले. "ठेवून येतो," असं कोणीही न विचारता सांगून स्वयंपाकघरात गेले.

धाकटी ओट्यापाशी उभी होती, केस उघडी होती. अकरा महिन्यांत तिने ती एकदाही उघडली नव्हती. काळा पडलेला, हिरवट कडांचा एक तुकडा निघेल अशी तिची कल्पना होती, आणि तिच्या मनाची तयारीही त्याच तुकड्याला बघायची होती. आतून निघाला तो आरसा. त्यात तिचा डावा डोळा आणि छताचा पंखा स्पष्ट दिसत होते.

तिने मागे न बघता विचारलं, "बाबा, लिंबू आहे का घरात?"

"अर्धं आहे."

"मी दर शनिवारी दोन आणते. सरबत कोणी पीत नाही."

नळ गळत होता. बाबांनी कप बेसिनमध्ये ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला.

"आज सकाळी पण?"

"तू आंघोळीला गेली होतीस."

"कुठल्या शर्टात ठेवला होतात?"

"खुंटीवरच्या." त्यांनी नळ घट्ट पिळून बघितला. "मला वाटलं तोच घालणार. चूक माझी आहे, तुला लपवायची गरज नव्हती. तू माझ्यासाठी—"

"तुमच्यासाठी?" ती वळली. "बाबा, मला माहीतच नव्हतं तुम्ही ठेवलात. मला वाटलं ह्यांनीच खिशात ठेवला. मी खिसे न बघता शर्ट मशीनमध्ये टाकला. पंधरा वर्षं रोज खिसे बघते मी, त्या दिवशी दुकानात उशीर होत होता. तिसऱ्या दिवशी मशीनच्या रबरात सापडला. मी माझ्यासाठी लपवला."

बाबांना क्षणभर थोडं वाईट वाटलं. अकरा महिने ते सुनेच्या उपकाराखाली वाकून चालत होते, आणि उपकार झालेलाच नव्हता.

*

थोरली दारात येऊन उभी होती. तिला आत बिस्किटांचा डबा ठेवायचा होता, निदान कारण तरी तेच होतं.

या घरात ती बावीस वर्षांपूर्वी आली तेव्हा तिला सांगण्यात आलं होतं की इथे कोणी कोणापासून काही लपवत नाही. खरंच होतं ते. जो तो सगळ्यांपासून लपवायचा, त्यामुळे पक्षपात नव्हता.

"सापडला का चष्मा?" तिने विचारलं, आणि मग दोघांचे चेहरे बघून म्हणाली, "मला माहीत आहे. उन्हाळ्यात ह्यांची केस फुटली तेव्हा मी हीच घेणार होते. उघडली, आणि बंद केली."

"आणि बोलला नाहीत, ताई?"

"मी म्हटलं, तुझं आहे, तू बोलशील. मग तू नाही बोललीस. मग माझं बोलायचं राहून गेलं." तिने डबा ओट्यावर ठेवला. "मास्तरची बायको मला बाजारात भेटते. मी रस्ता बदलते. परवा तिनेच बदलला, माझं काम सोपं केलं."

बाहेरून आईंचा आवाज आला. "तिथे कुजबुजू नका. माझे गुडघे गेलेत, कान नाही. बाहेर या आणि तो बिल्ला घेऊन या."

तिघं बाहेर आले. धाकटीने केस टेबलावर, मातीच्या छातीसमोर ठेवली.

"आई, तुम्हालाही?"

"रविवारी ह्यांच्या बोटांना लिंबाचा वास येतो," आई म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून येतोय. निवृत्त झाले तरी यायचा, धाकट्याचा बिल्ला घासायचे म्हणून. धाकटा गेला, त्यानंतरच्या दोन रविवारी आला नाही. तिसऱ्या रविवारी पुन्हा आला. मी काय खुळी आहे?"

थोरला हातात बाटली धरून उभा होता. तो आळीपाळीने सगळ्यांकडे बघत होता. पूर्ण घरात एकच माणूस असा निघाला होता ज्याला काहीच माहीत नव्हतं, आणि सगळा कार्यक्रम त्यानेच ठरवला होता.

"म्हणजे... घरात होता?" तो म्हणाला. "मी अकरा महिने नगरपालिकेच्या पायऱ्या झिजवतोय आणि हा चष्म्याच्या घरात?"

"ओरडू नका," थोरली म्हणाली.

"ओरडत नाहीये मी!" त्याने बाटली खाली ठेवली आणि आवाज खरंच खाली आणला. "हे बघा. झालं ते झालं. कोणाला सांगितलंय? नाही ना? मग परत खणात ठेवा. तो गेला, आता निदान त्याचं नाव राहू दे. बिल्ला न देता आत गेला हे कळलं तर लोक काय म्हणतील? शिस्तीचा आदर्श!"

"आणि मास्तर?" धाकटी म्हणाली.

"मास्तरने स्वतः कबूल केलंय! आपण कुठे त्याच्यावर ढकललं?"

"त्याने कबूल केलं, कारण आपण बोललो नाही."

"बाबा, तुम्ही सांगा हिला."

बाबा खुर्चीत बसून खाली बघत होते. जन्मभर थोरल्याशी त्यांचं एकाही गोष्टीवर पटलं नव्हतं. मोठ्या मुलाने बंबावर न जाता लोकांना क्लच दाबायला शिकवावं, हे त्यांनी अजून माफ केलं नव्हतं. "थोरला म्हणतो ते..." ते अडखळले. "नंबर माझाही आहे गं तो. सतराच्या नावावर एकतीस वर्षांत एक डाग नाही."

थोरल्याला वडिलांनी पहिल्यांदा पाठिंबा दिला होता आणि तो इतका गोंधळला की त्याने खुर्ची मागे सरकवून त्यांना बसायला दिली. ते बसलेलेच होते.

"मी धाकटीबरोबर आहे," थोरली म्हणाली.

"तू कायम माझ्याबरोबर असतेस!"

"आज नाही."

सगळे आईंकडे बघायला लागले. आईंनी मातीच्या डोक्याकडे बघितलं. "मी अजून नाकावरच आहे," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात बेल वाजली. बाराला पाच कमी होते. अग्निशमनवाले कधी उशिरा येत नाहीत, त्या एका दिवसाचं सोडून. धाकटीने पटकन केसचं झाकण लावलं.

*

केंद्रप्रमुख आत आले, गणवेशात, बगलेत फाइल. त्यांच्या मागून मास्तर आला, साध्या शर्टात. दुसऱ्या कागदावर त्याचीही सही लागत होती, म्हणून त्याला बरोबर आणलं होतं. तो दाराशीच थांबला. दाराशी उभं राहायची सवय.

"बसा ना, मास्तर," धाकटी म्हणाली.

"बरं आहे इथे, वहिनी."

त्याची नजर खोलीभर फिरली आणि ओठ हलले. सात. मग टेबलाकडे नीट बघून त्याने एक कमी केला. धाकटीच्या ते लक्षात आलं, आणि सकाळच्या इतक्या गदारोळात पहिल्यांदा तिला रडू येईलसं वाटलं.

"वा!" प्रमुख पुतळ्यासमोर उभे राहून म्हणाले. "पट्टा अगदी नियमाप्रमाणे. एकमत झालं ना?"

"होतंय," थोरला म्हणाला.

प्रमुखांनी कागद मांडले, पेन काढलं, टोपण उघडून दिलं. हजारो कागदांवर सह्या घेतलेला माणूस, बोट बरोबर रेघेवर. "इथे, आणि इथे. वहिनी, तुम्हाला त्रास नको म्हणून मीच घरी आलो. मास्तरनेही सगळं मान्य केलंय. कटुता नाही."

धाकटीने पेन घेतलं नाही. "मास्तर," ती म्हणाली, "त्या दिवशी ह्यांनी बिल्ला तुमच्या हातात दिला?"

"दिला, वहिनी."

"नक्की?"

"नक्की. माझ्याच हातून पडला. धूर होता, घाई होती." त्याने हे इतक्या वेळा सांगितलं होतं की वाक्याचे कोपरे झिजले होते.

धाकटीने केस उघडली आणि बिल्ला त्याच्यासमोर धरला.

मास्तरने मान तिरकी करून तो निरखला. मग म्हणाला, "चकचकीत आहे."

बाबांनी डोळे मिटून घेतले.

"घरी होता," धाकटी म्हणाली. "पहिल्यापासून घरीच होता. तुम्हाला कोणी दिलाच नव्हता. मग तुम्ही का सांगितलंत?"

"वहिनी, हे..." प्रमुखांचं बोट अजून रेघेवर होतं. त्यांनी ते हळूच उचललं. "हे मी बघितलेलं नाही. तुम्ही तो आत ठेवा. समजून घ्या, हे रेकॉर्डवर आलं तर पुतळा होणार नाही. बिल्ला न देता आत गेलेल्या जवानाचा पुतळा मी कसा उभारू? नवी भरती रोज त्या चौकातून जाते."

"मी तेच म्हणत होतो," थोरला म्हणाला.

"मास्तर," धाकटी म्हणाली. "ते आत जाताना काय म्हणाले?"

मास्तरने प्रमुखांकडे बघितलं, मग मातीच्या डोक्याकडे. "मी हात पुढे केला. म्हटलं, सतरा, बिल्ला?"

"आणि?"

"'झालं' म्हणाला."

आत नळ गळत होता, आणि तो सगळ्यांना ऐकू आला.

"मागे न बघता," मास्तर म्हणाला. "मला वाटलं, घाईत स्वतःच अडकवला असेल. मी बघायला हवं होतं. बघितलं नाही, म्हणजे चूक माझीच ना? मग मेलेल्या माणसाच्या नावावर आणखी कशाला लिहायची? त्याला येऊन उत्तर देता येत नाही. मला देता येतं."

आईंच्या तोंडून एक चमत्कारिक आवाज आला. सगळे दचकले. त्या हसत होत्या, आणि हसता हसता पदराने डोळे पुसत होत्या. "झालं म्हणाला! मेल्याने देवालाही हेच सांगितलं असेल. सगळं आवरून आलास का रे? झालं!"

मग थोरलीही हसली. मग थोरला हसला आणि मध्येच त्याचं हसणं फाटलं, आणि तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. अकरा महिन्यांत या घरात पहिल्यांदा धाकटा येऊन गेला होता. तो मातीतला नव्हता, उंच भुवयांचाही नव्हता. तो नळ न दुरुस्त करणारा होता.

धाकटीने पेन उचललं. दुसऱ्या कागदावर 'हरकत नाही' असं छापलं होतं. तिने 'नाही'वर सरळ काट मारली, शेजारी 'आहे' लिहिलं आणि खाली, काचेवर खूण करताना लिहायची तशा बारीक अक्षरात: बिल्ला घरी राहिला होता. खिसे न बघता शर्ट मी धुतला.

"वहिनी, विचार करा," प्रमुख म्हणाले. "दगड कोरून झालाय."

"दगडाला दुसरीकडे काम मिळेल. मास्तरांना या वयात नाही मिळणार."

"थांब," बाबा म्हणाले. ते उठले होते. "खाली जागा आहे ना? लिही. चुकीच्या शर्टात सासऱ्याने ठेवला. निवृत्त सतरा नंबर." त्यांनी पेन तिच्या हातातून घेतलं आणि स्वतःच लिहिलं. एकतीस वर्षांच्या नावावरचा पहिला डाग त्यांनी चांगल्या वळणदार अक्षरात घातला.

"आणि त्याचंही लिहा," आई म्हणाल्या. "झालं म्हणाला म्हणून. माझ्या मुलाला खोटा आदर्श नको. आधीच नाक खोटं आहे."

प्रमुखांनी कागद वाचला, दोनदा. फाइलमध्ये ठेवताना त्यांनी टोपी काढून घाम पुसला आणि एकदम साध्या आवाजात म्हणाले, "मलाही तो 'झालं' म्हणायचा. शिडीची तपासणी झाली का विचारलं की, तीन महिने." मग त्यांनी टोपी घातली आणि ते पुन्हा प्रमुख झाले. "चौकशी पुन्हा उघडावी लागेल. मास्तरचं काय होईल ते मी आज सांगू शकत नाही. पण सोमवारी बडतर्फीचा कागद निघणार नाही, हे सांगतो. शुक्रवारचं मात्र रद्द समजा."

ते निघाले. मास्तर दारातच होता. धाकटी बिल्ला हातात घेऊन त्याच्यापाशी गेली.

"हा तुमच्या फळीचा आहे ना? केंद्रात जमा करायचा असेल तर घेऊन जा."

मास्तरने तळहात पुढे केला. बिल्ला त्यावर पडला, आणि बावीस वर्षांच्या सवयीने त्याच्या तोंडून आपोआप निघालं, मोठ्याने, जिन्यापर्यंत ऐकू जाईल असं: "सतरा, आत!"

बोलला आणि तसाच थिजला. जिन्यावरचे प्रमुखही थांबले. बाबा आपोआप सावधान उभे राहिले होते. मास्तरला बिल्ला कुठे अडकवायचा हे कळेना, फळी तर बरोबर नव्हती.

धाकटीने आपला हात पुढे केला.

मास्तरने तिच्याकडे बघितलं. मग पुढे झुकून बिल्ला तिच्या हातावर ठेवला. "सतरा," तो म्हणाला. "सतरा, बाहेर."

मग जिना उतरून गेला.

*

दीड वाजता थोरलीच्या लक्षात आलं की साडेअकरापासून कोणी पाणी मारलेलं नाही. पाहुणे गेल्यावर पुन्हा टाकलेलं फडकं कडक झालं होतं. काढलं तेव्हा हेल्मेटच्या पट्ट्यातून तडा गेलेला होता, आणि पट्टा मध्येच तुटून सैल लोंबत होता.

थोरला बाटली घेऊन धावला. मग हात खाली घेतला आणि बघत राहिला. "आता मात्र दिसतोय जरा त्याच्यासारखा," तो म्हणाला.

"नाक सोडून," आई म्हणाल्या.

बाबा धाकटीजवळ आले. बिल्ला तिच्या पुढ्यात टेबलावर होता, मास्तरच्या आणि तिच्या बोटांचे ठसे उठलेला. त्यांनी तळहात पुढे केला. "आण इकडे. डाग पडलेत. अर्धं लिंबू आहे."

तिने बिल्ला उचलला, उजेडात धरला, दुकानात काच बघायची तसा तिरका करून बघितला. पुसायला तिचाही हात शिवशिवला.

"राहू द्या, बाबा," ती म्हणाली. "पडू दे थोडा काळा."

बाबांनी पुढे केलेला हात मागे घेतला. मग आत गेले, आणि थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून पान्याचा खडखडाट ऐकू आला. ते नळ खोलत होते.

"होतोय का दुरुस्त?" आईंनी बाहेरून ओरडून विचारलं.

आत पाना पुन्हा एकदा खडखडला. मग बाबा म्हणाले, "अजून नाही."